वैलावरची ऊब

आमच्या घरी मोटारीचा हीटर लागायचा तो मे महिन्यात. रत्नागिरीहून कोल्हापूरला परतताना साखरपा मागं पडलं, आंबा घाटाची चढण लागली, की मामांचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा तापमानाच्या काट्यावर. काटा मध्य सोडून वर सरकू लागला की ते सगळ्या काचा खाली करायला लावत, निळ्या-लाल पट्टीवरची खुंटी लाल टोकाला नेत आणि पंखा पूर्ण सोडत. बाहेर वैशाख आणि आत पायांवर तापलेला वारा. मागच्या सीटवर आंब्याच्या पेट्यांच्या फटीत कोंबलेली आम्ही पोरं बोंबलायचो. मामी पदरानं वारा घेत म्हणायची, "अहो, पोरं शिजतील." मामा म्हणायचे, "शिजू देत. इंजन शिजलं तर तुम्हालाच ढकलाय लागंल." दोन-चार वळणांत काटा खाली यायचा आणि बॉनेट उघडून वाफा सोडत कडेला थांबलेल्या गाड्यांकडे बघत मामा ऐटीत घाटमाथा गाठायचे.

त्यात जादू काही नव्हती. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची ढोबळमानानं एक तृतीयांश शक्ती चाकांच्या कामी येते. साधारण तेवढीच सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली इंजिनाच्या अंगात मुरते. ती काढून घेतली नाही तर इंजिन स्वतःलाच जाळून घेईल, म्हणून त्याच्या पोटातून कूलंट खेळवतात. कूलंट आतली उष्णता उचलतं, पुढच्या रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्यावर सोडतं आणि पुन्हा आत येतं. या फेऱ्यातूनच एक लहान वाट फोडून डॅशबोर्डच्या मागे नेलेली असते. तिथं वहीएवढा एक छोटा रेडिएटर बसवतात, त्याचं नाव हीटर कोअर. पंख्याचा वारा त्याच्या पत्र्यांमधून गेला की गरम होऊन आपल्या पायाशी येतो. झाला हीटर. घाटात मामा तो लावायचे तेव्हा इंजिनाला एक जादा रेडिएटर मिळायचा, आणि त्याची किंमत आम्ही घामानं मोजायचो.

आजीच्या स्वयंपाकघरात चुलीला लागून वैल होता. वैलात लाकूड घालत नाहीत. चुलीतली धग मधल्या भोकातून आपसूक तिकडे जाते. चुलीवर भाकरी होत असतात आणि त्याच जाळावर वैलावरचं दूध तापतं, आमटी गरम राहते. वैलासाठी म्हणून कुणी चूल पेटवत नाही, पण चूल पेटलेली असताना वैल रिकामा दिसला तर आजी सुनांना बोलल्याशिवाय राहायची नाही. मोटारीचा हीटर हा इंजिनाचा वैल आहे. त्याला स्वतःचा जाळ नाही. त्याच्यातून गार वारा येऊ लागला तर दोनच गोष्टी झालेल्या असतात: चूल नीट पेटत नाही, किंवा धग वैलापर्यंत पोचत नाही.

मी हे लिहितोय ते कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेगमध्ये बसून. जानेवारीत इथली पहाट सरासरीनं उणे २० अंशांच्या आसपास असते, आणि सरासरी म्हटलं की उणे ३५ च्या पहाटाही तिच्यात आल्याच. अशा रात्री गाडी उघड्यावर राहिली तर टायर जिथं टेकलेले तिथं चपटे होऊन गोठतात. पहिला काही वेळ गाडी धबधब आपटत चालते. इथली माणसं त्याला सरळ 'चौकोनी टायर' म्हणतात. नव्यानं आलेल्याला आणखी एका गोष्टीचं नवल वाटतं. पेट्रोलवरच्या गाड्यांच्याही जाळीतून विजेची वायर लोंबत असते आणि पार्किंगमध्ये ओळीनं प्लगाचे खांब असतात. इंजिनाच्या ठोकळ्यात बसवलेल्या विजेच्या छोट्या कॉइलची ती वायर. पारा उणे १५ च्या खाली जाणार असला की रात्री गाडी प्लगला लावायची, म्हणजे सकाळी ती निदान चालू होते. या ब्लॉक हीटरची एक जुनी तऱ्हा इथून दक्षिणेला, सीमेपलीकडे ग्रँड फोर्क्समध्ये राहणाऱ्या अँड्र्यू फ्रीमन यांनी काढली. १९४९ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. गृहस्थ वीज सहकारी संस्थेत होते. सहकार म्हटलं की आम्हा कोल्हापूरकरांचे कान उगाचच टवकारतात.

हीटर येण्याआधीची माणसं मोटारीत कशी बसत असतील, याचा विचार मला लाल दिव्यावर थांबलो की येतो. सुरुवातीच्या मोटारी उघड्याच होत्या. लोक मांडीवर जाड कातड्याच्या गोधड्या घेत, पायाशी निखाऱ्यांची पेटी ठेवत. १९२९ च्या सुमारास फोर्डच्या मॉडेल ए गाडीत धुराच्या तापलेल्या नळावरून वारा फिरवून आत सोडण्याची सोय आली. तिच्यात नळाला चीर गेली तर उबेबरोबर विषही आत येणार. फोक्सवॅगनच्या बीटलचं इंजिन तर हवेवरच थंड होणारं, त्यात कूलंटच नाही, त्यामुळे तिच्या मालकांनी वर्षानुवर्षं काचेवरचं बर्फ आतून खरवडलं. बाहेरची ताजी हवा गाळून, गरम पाण्याच्या कोअरवरून आत घेणारी पद्धत १९३८ साली नॅश कंपनीनं आणली. आजच्या गाडीतला हीटर बहुतांशी तोच आहे.

आमच्या गाडीतला हीटर एका जानेवारीत गार पडला. शहरात फिरताना वारा कोमट तरी असायचा, हायवेला लागलं की तोही जायचा. पंखा जोरात फिरत होता, आवाज खणखणीत होता, फक्त त्या वाऱ्यात ऊब नव्हती. इथं हीटर म्हणजे चैन नाही. आपलाच श्वास काचेवर आतून गोठत जातो आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो. बायको शेजारच्या सीटवर बसून प्लॅस्टिकच्या कार्डानं माझ्यापुढची काच खरवडायची आणि तो बर्फाचा चुरा माझ्या मांडीवर पडायचा. डिकीत कांबळं, फावडं, मेणबत्ती आणि डबा असतोच, कारण हिवाळ्यात गावाबाहेर पडणाऱ्यानं ते ठेवायचंच असतं. एवढं असून, पेटलेल्या इंजिनाच्या मागे बसून गारठायचं म्हणजे पंगतीत बसून उपाशी राहण्यातली गत.

एका गॅरेजनं फोनवरच हीटर कोअर बदलायचा अंदाज सांगितला. कोअर तसा महाग नसतो. पण तो काढायचा म्हणजे अनेक गाड्यांत आख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि खरं बिल असतं त्या मजुरीचं. माझं म्हणणं असं की हीटरच्या बाबतीत पैसे देण्याआधी हात लावावा. मशिन लावून कोड वाचणं वगैरे ठीक आहे, पण धग कुठवर आली आणि कुठं अडली हे तळहाताला जितकं लवकर कळतं तितकं कशालाच नाही.

हा विचार अर्थातच माझा नाही, मामांचा आहे. त्यांची हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली, रेडिएटरांना डाख देण्यात. आमची संध्याकाळ ती त्यांची सकाळ. व्हिडिओ कॉलवर चहाची बशी आणि त्यांची मिशी दिसली. मी सगळं सांगितलं.

"काटा कुठं हाय?" त्यांचा पहिला प्रश्न.

"वर चढतच नाही मामा. हायवेला तर पार खाली बसतो."

"आन पायपास्नी हात लावलास का न्हाई? भिंतीतनं दोन पायपा आत जात्यात बघ, हीटरच्या."

बॉनेटखाली, इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून दोन रबरी होज आत जातात. एकातून गरम कूलंट कोअरला जातं, दुसऱ्यातून परत येतं. इंजिन चांगलं तापवून, पट्टा आणि पंखा यांच्यापासून बोटं लांब ठेवून, त्या दोन्हींना हात लावायचा. एक सणसणीत गरम आणि दुसरा गार असला तर कोअर आत तुंबलेला. वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलं, दोन जातींचं कूलंट एकत्र केलं, गळती बुजवायची पूड ओतली, की त्या बारीक नळ्यांत गाळ बसतो. दोन्ही सारखेच गरम असून आत गार वारा येत असेल तर पाण्याचा दोष नाही. डॅशबोर्डमध्ये गार-गरम हवा मिसळणारी एक झडप असते, ती अडकलेली असते. तिची छोटी मोटर दात तुटले की टिकटिक करत राहते. आणि दोन्ही कोमट किंवा गार असले तर शोध मागे न्यायचा, चुलीकडे.

माझे दोन्ही कोमट होते.

शेजारी फिलिपिनो आहेत, निवृत्त ट्रक ड्रायव्हर. या शहरात फिलिपिनो वस्ती मोठी आहे. सगळे त्यांना 'कुया' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचं दादा, म्हणून मीही म्हणतो. ऊन सोसण्यासाठी जन्मलेली आम्ही दोन माणसं कानटोप्या ओढून बॉनेटमध्ये वाकलो, तेव्हा कुयांनी पहिल्यांदा माझा हात धरून मागे ओढला. मी कूलंटच्या टाकीचं झाकण न्याहाळत होतो. तापलेल्या इंजिनाचं ते झाकण कधीच उघडायचं नाही. आतला दाब अचानक सुटला की उकळतं कूलंट उसळून थेट तोंडावर येतं. गाडी पूर्ण गार झाल्यावर पाहिलं तर पातळी थोडी खाली होती, आणि आदल्या दिवशी डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू आली होती. ही खळखळ म्हणजे कूलंटच्या वाटेत हवा शिरल्याची खूण. कितीतरी गाड्यांत हीटर कोअर या सगळ्या फेऱ्यात उंचावर असतो, त्यामुळे हवा तिथं जाऊन बसते आणि कूलंट कमी पडलं की पहिला तोटा त्याचाच होतो.

कुयांनी अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल असं तयार मिश्रण आणलं. ते साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. इथं एक गंमत आहे. नुसतं ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं. ज्याला आपण पातळ करणारं म्हणतो त्या पाण्यामुळेच त्याचा कस वाढतो. हिवाळा कडक म्हणून जास्तीचं ग्लायकॉल ओतणारे हौशी लोक असतात, त्यांना हे पटवून देणं अवघड.

आता हवा काढायची म्हणजे गाडीचं नाक वर हवं, म्हणजे बुडबुडे झाकणाशी येतात. त्यासाठी लागतो चढ. आणि विनिपेगात चढ नाही. हे शहर हिमयुगाच्या शेवटी इथं पसरलेल्या अगासी नावाच्या प्रचंड सरोवराच्या तळावर वसलंय. पाणी आटून हजारो वर्षं झाली, तळ मात्र तस्साच सपाट राहिला. शहरात मिरवण्याजोगी एक टेकडी आहे, तिला लोक गार्बेज हिल म्हणतात, कारण ती जुन्या कचरा डेपोवरच उभी आहे. घाटात वाढलेल्या माणसाला गाडीचं तोंड वर करायला हातभर उतार मिळू नये! शेवटी कुयांनी गॅरेजमधून लोखंडी रॅम्प ओढत आणले. गार इंजिन, उघडं झाकण, हीटर पूर्ण गरमवर, मग इंजिन चालू. बुडबुडे येत राहिले, आम्ही भरत राहिलो, ते थांबले तेव्हा झाकण लावलं. खळखळ गेली. शहरात वारा जरा बरा झाला. हायवेवर पुन्हा काटा खाली आणि वारा गार.

मग कुयांनी एक खोकं फाडलं. प्रेअरीतले ट्रकवाले हिवाळ्यात जाळीला झाकण बांधतात. कुयांच्या पिढीनं पुठ्ठ्यावरही वर्षं काढली. त्यांनी पुठ्ठा रेडिएटरच्या समोर, अर्धा भाग झाकेल असा अडकवला आणि म्हणाले, चल एक फेरी मारू, काट्यावरची नजर काढू नकोस. हायवेवर काटा हळूहळू उठला. मध्यापर्यंत नाही, पण उठला. पायाशी ऊब आली.

रात्री मामांना पुठ्ठ्याचं सांगितलं तसे ते हसू लागले. "मग थर्मोस्टॅटच हाय की रं! उघडाच ऱ्हायलाय. आन आपल्याकडं लोक पैसं दिऊन ते काढाय लावत्यात."

हे खरं आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दारवान. इंजिन गार असताना तो दार बंद ठेवतो आणि कूलंटला आतल्या आत, हीटरच्या वाटेनं फिरू देतो. ते ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान, ज्या गाडीचं जे ठरलं असेल तितकं तापलं, की मगच रेडिएटरचं दार उघडतो. आपल्याकडच्या मिस्त्र्यांना या दारवानाचा कायम संशय. उन्हाळ्यात तो बंद अवस्थेत अडकला तर इंजिन गेलंच, मग ठेवायचाच कशाला? मामांनी अशी कितीतरी इंजिनं मोकळी केली आणि गिऱ्हाइकं खूश होऊन गेली. त्यात नुकसानही होतं, इंजिन कधीच पुरतं तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, लवकर झिजतं. पण ते नुकसान हळूहळू होतं आणि मे महिना समोर उभा असतो. माझ्या गाडीचा दारवान सताड उघडा पडला होता. उणे २५ च्या वाऱ्यात धावणारा रेडिएटर इंजिनाची धग तयार होईल तशी आकाशात उधळत होता. शहरात, हळू वेगात थोडी उरायची. हायवेवर काहीच नाही. उद्यमनगरात ज्याला इलाज म्हणतात तोच आजार घेऊन मी विनिपेगात फिरत होतो, आणि आजार ओळखला तो ज्यानं आयुष्यभर तो इलाज केला त्यानंच.

काम कुयांच्या गरम गॅरेजात झालं. बोल्ट काढले, जुनं कूलंट बादलीत घेतलं. बादलीवर लगेच फळी ठेवली, कारण ग्लायकॉल गोडसर लागतं, आणि कुत्र्या-मांजरांनी थोडं जरी चाटलं तरी त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. थर्मोस्टॅट हातात आला. लाडवाएवढा पितळ-स्टीलचा तुकडा. गार असून त्याच्या झडपेतून पलीकडचा दिवा दिसत होता. त्याच्या पोटात मेण असतं. ठरल्या अंशाला मेण वितळतं, फुगतं, दांडी ढकलतं, झडप उघडते. थंड झालं की आकसतं आणि स्प्रिंग दार ओढून घेते. वीज नाही, तार नाही. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्ने यांनी ही युक्ती बसवली, आणि पुढं तिच्यावर इलेक्ट्रॉनिक्सची पुटं चढली तरी मुळात अजून मेणच आहे.

नवा बसवण्याआधी मामांच्या आग्रहाखातर तो पातेल्यात टाकून बघायचा होता. बायकोनं चहाचं भांडं द्यायला साफ नकार दिला आणि एक काळवंडलेलं पातेलं काढलं, वर दूध तापवायचा थर्मामीटर. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला, तळाला टेकणार नाही असा. फोन मिरच्यांच्या बरणीला टेकवून ठेवला, त्यात मामा. पाणी ७० वर गेलं, ८० वर गेलं, काही नाही. मामा गप्प होते, हे फार क्वचित होतं. ८८ च्या जरासं पुढं झडपेच्या कडेनं एक काळी रेघ दिसली आणि रुंदावत गेली. गॅस बंद केला, पाणी निवू लागलं, रेघ मिटत मिटत गेली. मामा म्हणाले, "शाणा हाय." कुणाला म्हणाले ते विचारलं नाही.

त्यानंतर गाडीत बसलं की काही मिनिटांत काटा मध्यावर येऊन थांबतो आणि पायाशी वारा गरम येतो. आता बायको माझ्यापुढची काच खरवडत नाही, आपल्या फोनमध्ये डोकं घालून बसते.

कुया सध्या इलेक्ट्रिक गाडी बघतायत. मॅनिटोबात वीज मुख्यतः धरणांवरची, स्वस्त आहे, आणि प्लगाचे खांब तर आधीपासूनच जागोजाग आहेत. माझ्या मनात मात्र वैलाचा प्रश्न. घरात गॅसची शेगडी आली तेव्हा वैल गेला. आच हवी तेवढीच, हवी तिथंच, वाया जाणारी धग फारशी नाही. इलेक्ट्रिक गाडीचंही तसंच आहे. तिची मोटर इतकी काटकसरी की तिच्याकडे टाकून द्यायला उष्णता फारशी नसतेच. मग पायाशी ऊब हवी तर ती बॅटरीतून विकत घ्यायची, आणि जितकी घ्याल तितके किलोमीटर कमी. हीट पंप असला तर बाहेरच्या हवेतली थोडी उष्णता ओढून आत आणतो, बॅटरीचा भार हलका होतो. पण थंडी फार वाढली की त्याचाही दम कमी पडतो आणि तारेच्या साध्या हीटरवर भिस्त ठेवावी लागते. एवढी वर्षं ही ऊब फुकट मिळत होती असं आपल्याला वाटत होतं. फुकट ती नव्हतीच, दर भरलेल्या टाकीतली मोठी नासाडी आपण सोसत होतो आणि तिच्यातला थोडा वाटा आपल्या पायाशी येत होता. हिशेब आता उघड्यावर आला, एवढंच.

शोरूममधल्या पोरानं कुयांना स्क्रीन, कॅमेरे, आपोआप उघडणारी डिकी दाखवली. कुयांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, उणे ३० ला हीटर पूर्ण लावून ही गाडी ब्रँडनपर्यंत जाऊन परत येईल का? ब्रँडन इथून पश्चिमेला, जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या वर. मी पुढं जोडलं, आणि हिच्यात हीट पंप आहे की नुसती तार? पोरगं म्हणालं, विचारून येतो. ते आत गेल्यावर कुया वाकले आणि सवयीनं बॉनेटची खिट्टी शोधू लागले.